माय या शब्दाचं जर्मन

त्या दिवशी सकाळी मी एका आजोबांचं बोलणं जर्मनमध्ये सांगितलं. सांगताना एक शब्द चुकला. तो शब्द दोन अक्षरांचा होता, माय. दुपारी आजोबांच्या नातीला ढिगाऱ्यातून काढलं. ती गेलेली होती.

भूकंपानंतरचा तो तिसरा दिवस. मी तिथे कशी पोचले हे सांगायचं तर नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांपासून सांगावं लागेल. तिथेच माझं जर्मन सुरू झालं आणि संपलंही. खोल्या भाड्याच्या होत्या. पुढच्या खोलीत वडिलांचं टेबल, माझी पुस्तकं आणि एक खाट. मागच्या खोलीत स्वयंपाक, पाण्याचा पिंप आणि आई. पहाटे लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, ते संपत आलं की आई स्टोव्हला पंप मारायला घ्यायची. आमच्या घरात सकाळ व्हायची ती या दोन आवाजांनी. न्याहारीला बहुतेक दिवस सुशीला असायचा. कुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, कांदा आणि हिरवी मिरची फोडणीत टाकायची, वरून दाण्याचं कूट. आई ताटली हातात देताना म्हणायची, "गरम हाय तवर खा, गार झाल्यावर रबर खाल्ल्यावानी लागतं."

वडील एका शाळेत गणित शिकवत. मूळचे औशाकडच्या खेड्यातले. नोकरीसाठी नांदेडला आले आणि राहिले, पण त्यांची बोली औशाचीच राहिली. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. माय म्हणत. "माय, चष्मा कुठं ठिवलास माझा?" "झोपली का गं माय?" आमच्याकडे लेकीला असं म्हणतातच, त्यात विशेष काही नाही. मी सात वर्षांची असतानाही त्यांची माय होते आणि वीस वर्षांची झाले तेव्हाही.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, तेव्हा लातूरला होता. बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचा. एका गोदामावरची खोली भाड्यानं घेऊन त्यानं क्लास सुरू केला होता. लातूरचं नाव तेव्हा नुकतंच होऊ लागलं होतं. गावोगावचे आईबाप पोरांच्या गाद्या आणि सायकली एसटीच्या टपावर टाकून तिथे आणून सोडत. अण्णा सुट्टीला आला की मला म्हणायचा, "तू ते व्यवस्थापन कशाला करतीस? बीएड कर, क्लासला ये. धंदा काय असतो ते मी शिकवतो तुला."

मी व्यवसाय व्यवस्थापन घेतलं ते पुस्तकं आवडायची म्हणून, एवढंच खरं कारण आहे. विद्यापीठाच्या उपकेंद्रात तो अभ्यासक्रम नवा निघाला होता. इमारत गावाबाहेर, भोवती झाडं लावलेली पण अजून गुडघ्याएवढीच. वर्गात आम्ही चार मुली. आणि संध्याकाळी, त्याच इमारतीत ग्रंथालयामागच्या खोलीत, जर्मन. तो वर्ग कुणालाही खुला होता. पहिल्या दिवशी अकरा जण आले, दिवाळीपर्यंत तीन उरले. शिकवायचे हकीम सर. ते तरुणपणी जर्मनीतल्या एका कारखान्यात पुष्कळ वर्षं कामाला होते. लग्न केलं नव्हतं. परत आल्यावर नांदेडात बहिणीकडे राहायचे. काळी टोपी, धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट, खिशात दम्याचं औषध. ते दखनीत जर्मन शिकवत. जर्मनमध्ये एक स्वर आहे, आपल्याकडे नाही. तो माझ्या तोंडून निघेना तेव्हा ते म्हणाले, "नक्को बेटी, ऐसा नक्को. जबान 'ई' की रखो, होंट 'ऊ' के करो. जैसे गरम चाय कू फूँक मारते, बस वैसा." मी फुंकर मारली आणि स्वर निघाला. त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी वाटभर फुंकर मारत आले.

घरी मी शब्द मोठ्यानं पाठ करायची आणि आई भाकरी थापताथापता ऐकायची. जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत हे तिला एकदा सांगितलं. चमचा तो, काटा ती आणि सुरी ते. आई म्हणाली, "काट्याला ती? त्यांच्या घरात बायकाच टोचून बोलत असतील." मी म्हटलं, मुलीलाही ते म्हणतात, ती नाही. तिनं भाकरी उलटली. "त्यात काय नवल? आपुन न्हाई म्हणत का, ते लेकरू. लगीन होईस्तोवर लेकरूच की." मला वाटलं होतं ही भाषा लांबची आहे. आईनं ती चुलीजवळ आणून बसवली. हे मी हकीम सरांना सांगितलं तर ते खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "अम्मी कू बोलो, मेरी जगह आके पढ़ाओ."

व्यवस्थापनाच्या वर्गात असं हसू नव्हतं. तिथे एक सर पुण्याहून आलेले होते. शिकवायचे चांगलं, ते मी नाकारणार नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, प्रकल्पाचं काय झालं. मी उभी राहून म्हणाले, "करून राहिले सर." त्यांनी खडू खाली ठेवला. "करून राहिलात? केलंत, आणि मग कुठे राहिलात? धर्मशाळेत?" वर्ग हसला. नांदेडची मुलंही हसली. त्यांच्याही घरात असंच बोलत, तरी हसली. मी त्या रात्रीपासून माझी बोली धुवायला घेतली. 'करून राहिले' काढलं, 'लई' काढलं, 'हाव' काढलं. बोलण्याआधी वाक्य मनात एकदा शुद्ध करून घ्यायचं आणि मगच तोंड उघडायचं. जर्मनलाही तसंच करावं लागायचं, त्यामुळे सवय लवकर झाली. काही महिन्यांत मला घरातलं बोलणंसुद्धा आधी पुस्तकी मराठीत बदलून ऐकू येऊ लागलं. वडील म्हणायचे "कवा आलीस" आणि मला ऐकू यायचं "कधी आलीस". मला याचा अभिमान होता. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा होता.

त्याच दिवसांत एकदा मी डबा विसरले. वडील शाळेच्या मधल्या सुट्टीत सायकल मारत उपकेंद्रावर आले. मी मैत्रिणींबरोबर पायऱ्यांवर बसले होते. त्यांनी खालूनच डबा उंच धरला आणि हाक मारली, "ए माय! उपाशी ऱ्हाती का काय?" एक मुलगी म्हणाली, "आई गं! हे तुला आई म्हणतात?" संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं, "बाबा, चार लोकांत मला माय म्हणू नका." ते म्हणाले, "बरं." पेपरांत डोकं घालून तपासत राहिले. चार लोकांत पुन्हा म्हणाले नाहीत. घरात म्हणत राहिले.

पुण्याच्या सरांनी शिकवलेली एक गोष्ट मात्र इथे लिहायला हवी. ते म्हणत, साधनं कमी आणि कामं जास्त असली की आधी यादी करा. यादीला क्रम लावा. आणि माहिती अपुरी असली तर अंदाज करा, पण निर्णय थांबवू नका. मी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. परीक्षेत यावर प्रश्न आला असता तर मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. पेला पडला. वडील उठून बसले, आम्हाला अंगणात घेऊन गेले. नांदेडात एवढंच झालं. उजाडल्यावर रेडिओवर कळलं की लातूरकडे आणि धाराशिवकडे काय झालं. वडिलांच्या गावाला फार काही झालं नव्हतं, पण ते संध्याकाळी निरोप आल्यावर कळलं. तोवर ते अंगणात उभेच होते. अण्णा सुखरूप होता. त्याची क्लासची मुलं ट्रक भरून मदतीला गेली होती.

दुसऱ्या दिवशी हकीम सर रिक्षानं आमच्या घरी आले. ते आधी कधी आले नव्हते. जर्मनीहून एक छोटं पथक आलं होतं, दहाबारा माणसं आणि एक कुत्रा. त्यांना भाषा जाणणारं कुणी हवं होतं. निरोप सरांना आला होता, पण त्यांना धुळीत दोन मिनिटंही उभं राहता आलं नसतं. ते वडिलांना म्हणाले, "मास्टरसाब, मैं जाता था. ये फेफड़े नहीं जाने देते. आपकी बेटी मुझसे अच्छा बोलती." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "जातीस का माय?" मी हो म्हणाले. आईनं दशम्या आणि दाण्याची चटणी बांधून दिली. वडील लातूरपर्यंत एसटीनं बरोबर आले आणि मला अण्णाच्या हवाली करून परतले.

पथक एका लहान गावात होतं, औशाच्या पुढे. गावाचं नाव मी लिहीत नाही. घरं दगडामातीची, धाब्याची. ती बसली होती, म्हणजे उभी होती त्याच जागी खाली बसली होती. पाऊस पडून गेलेला, चिखल. गावातली बरीच माणसं शेताच्या कडेला अंत्यसंस्कारात गुंतलेली. पथकाचे प्रमुख एक डॉक्टर होते, उंच, भुवयांवर माती बसलेली. त्यांना इंग्रजी येत होतं. पण माणूस दोन दिवस झोपला नाही की आपल्या भाषेवर येतो, तसे ते आले होते. त्यांनी मला पहिलं काम सांगितलं. कुत्रा एक, ऐकण्याचं यंत्र एक. लोक चहूकडून ओढताहेत. कुठे कोण अडकलं आहे ते विचारून यादी करा, जिवंत असण्याची शक्यता जास्त त्याप्रमाणे क्रम लावा.

हे काम मला येत होतं. वही काढून मी फिरले. चार ठिकाणं निघाली. देवळाजवळच्या गल्लीत एका बाळाचं रडणं काल ऐकू आलं असं दोघीतिघी सांगत होत्या. दुसरीकडे नवराबायको. तिसरीकडे शाळेत जाणारा एक मुलगा. चौथ्या ठिकाणी एक आजोबा दगडावर बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. साठीचे असावेत. घसा बसलेला. हाताची नखं निघालेली, कारण ते दोन दिवस हातानं उकरत होते.

मी विचारलं, "आबा, तुमच्या घरात कोण आहे?"

ते म्हणाले, "बाकीचे घावले ताई. म्हातारी घावली, ल्योक घावला, दोघांची माती झाली. माय ऱ्हायली. माय हाय खाली."

"आवाज येतो का?"

"कवापासून हाक मारून राहिलो. मधी जरा खुडबुड झाल्यावानी वाटलं. लई गुणाची हाय वो ताई. घाबरली आसंल."

हाक मारून राहिलो. मला नीट आठवतं की ते वाक्य मी मनात शुद्ध केलं. हाक मारतो आहे. माय म्हणजे आई. आई म्हणजे मुटर. यांचं वय साठ, म्हणजे आईचं ऐंशी. मी वहीत चौथ्या क्रमांकावर जर्मनमध्ये लिहिलं, आजोबांची आई, वय सुमारे ऐंशी, आवाज अनिश्चित. वय मी विचारलं नव्हतं. अंदाज केला होता. डॉक्टरांनी यादी पाहिली, म्हणाले, अक्षर सुरेख आहे. आणि आम्ही देवळाजवळच्या गल्लीत गेलो.

तिथे दोन तास गेले. कुत्रा हुंगत होता, माणसं हातानं दगड काढून साखळीनं मागे देत होती. कुणीही मोठ्यानं बोलायचं नाही असा हुकूम होता. आतून आवाज येत होता, बारीक, बाळासारखाच. शेवटी एका माणसानं खांद्यापर्यंत हात घालून ते बाहेर काढलं. शेळीचं करडू होतं. जिवंत होतं. उभं राहून त्यानं अंग झटकलं. 

त्या दोन तासांत आबा दोनदा माझ्याकडे येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "ताई, त्या सायबाला सांगा की. माय हाय तिथं." मी म्हणाले, "सांगितलंय आबा. क्रमानं घेताहेत." क्रमानं हा शब्द त्यांना कळला नसावा. ते मान हलवून परत दगडावर जाऊन बसले. मी त्यांच्याशी पुस्तकी मराठीत बोलत होते. त्या गावात, त्या दिवशी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी यंत्राला काही ऐकू आलं नाही. आबांच्या घराशी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुत्रा गेला आणि एका जागी बसला. तो बसला की माणसं धावत. धान्याची मोठी कणगी आडवी पडली होती आणि तिच्यामागे भिंतीशी पोकळी राहिली होती. आधी एक हात दिसला. त्यात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, अगदी लहान मापाच्या. डॉक्टर गुडघ्यांवर बसले. मग मान वळवून माझ्याकडे पाहत म्हणाले, दास इस्ट आइन किंट. हे मूल आहे. त्यांनी खिशातून माझी यादी काढली, पाहिली आणि घडी करून परत ठेवली. 

आबा मला बाजूला सारून पुढे गेले. "माय," म्हणाले. "ए माय." पाच वर्षांची होती ती.

तेव्हा मला कळलं. वीस वर्षं जी हाक मी स्वतः ऐकत आले होते, ती मला ओळखू आली नव्हती.

डॉक्टरांनी तिची मान तपासली, डोळे पाहिले, बोटं वाकवून पाहिली. मग शेजारच्या माणसाला हळू आवाजात म्हणाले, नोख निश्ट लांगं. फार वेळ झालेला नाही. ते मला उद्देशून नव्हतं, पण ऐकू आलं. आणि आबांनीही ऐकलं, म्हणजे डॉक्टर काहीतरी बोलले एवढं. नातीचा हात हातात धरून त्यांनी मला विचारलं, "काय म्हन्तो सायब?"

मी म्हणाले, "पहिल्याच क्षणी गेली म्हणतात आबा. तिला काही कळलंच नाही."

सकाळी अजाणता चुकले होते. दुपारी जाणून चुकीचं सांगितलं. आबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं." तिची आई बाळंतपणाला रेणापूरला माहेरी गेली होती. पोरगी विसर्जनाची मिरवणूक बघायची म्हणून हट्टानं आजोबांकडे राहिली होती. संध्याकाळी त्या बाईला, सुमनताईंना, जीपमधून आणलं. आठवा महिना सरलेला. आबांनी तिला माझ्यासमोर सांगितलं, "पयल्या झटक्यालाच गेली पोरी. तरास न्हाई झाला. सायब बोल्ला. ह्या ताईनी सांगितलं." सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

नांदेडला परतले तेव्हा वडील दारातच होते. चेहरा पाहून म्हणाले, "आधी जेवून घे माय." मी किंचाळले. "नका म्हणू मला तसं! किती वेळा सांगायचं?" आई पदराला हात पुसत बाहेर आली. वडिलांनी सायकल भिंतीला टेकवली, उगाचच पुन्हा सरळ केली. त्यांना वाटलं, ही तीच जुनी लाज आहे. शिकलेल्या मुलीची. त्यांनी त्यानंतर मला नावानं हाक मारायला सुरुवात केली. पहिल्यांदा नाव घेताना अडखळले, जशी कुणी परक्याच्या मुलीला हाक मारावी. सतरा वर्षं नावानंच हाक मारत राहिले आणि गेले. खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं.

जर्मनच्या वर्गाला मी पुन्हा गेले नाही. हकीम सर महिन्याभरानं पुन्हा रिक्षानं आले, माझी राहिलेली वही घेऊन. दारात उभ्याउभ्याच म्हणाले, "बेटी, जबान से गलती होती. जबान कू छोड़ते नहीं." त्यांना काही माहीत नव्हतं, की होतं, मला अजून कळलेलं नाही. मी चहा केला. तो पिऊन ते गेले. व्यवस्थापनाची परीक्षा मात्र मी दिली आणि पहिल्या वर्गात आले. यादी आणि क्रम यावर प्रश्न आला नव्हता.

मग मी लातूरला अण्णाकडे गेले आणि तिथलीच झाले. क्लास वाढत गेला. गोदामावरच्या खोलीच्या जागी तीन मजले आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पहिल्या आलेल्या मुलांचे हार घातलेले फोटो, डब्यांच्या खानावळी, पहाटे साडेपाचला सायकलींच्या घंटा. मी इंग्रजी शिकवायची आणि कार्यालय बघायची. पहिल्या चाचणीनंतर मुलांच्या गुणांप्रमाणे तुकड्या पाडायच्या असत. हुशारांची वेगळी, मधल्यांची वेगळी. अण्णा म्हणायचा, "एवढं व्यवस्थापन शिकलीस, एक यादी करता येईना?" मी म्हणायची, येत नाही. ती यादी दर वर्षी त्यालाच करावी लागली.

चार वर्षांनी मी आबांना भेटायला गेले. नवं गाव जुन्यापासून थोडं दूर वसवलं होतं. सिमेंटची घरं, सगळी एकसारखी, ओळीनं. आबा ओसरीत दोरी वळत बसले होते. सुमनताई शेतात गेल्या होत्या आणि त्यांची धाकटी, शीतल, भूकंपानंतर महिन्याभरात जन्मलेली, अंगणात चूल मांडून खोटं खोटं जेवण करत होती. मी बसले. म्हणाले, "आबा, त्या दिवशी डॉक्टर तसं बोलले नव्हते."

दोरी वळणारे हात थांबले नाहीत. "ठाव हाय मला. हात धरला व्हता की तिचा म्या. गरम व्हता." दोरीचा पीळ घट्ट करत म्हणाले, "तुमी लेकीवानी बोल्लात. म्या गप ऱ्हायलो."

म्हणजे चार वर्षं तेही माझं खोटं सांभाळत होते. मी बाकीचं सांगितलं. माय म्हणजे तुमची आई असं मी समजले. तसंच सांगितलं. म्हणून तुमचं घर शेवटी घेतलं.

आता हात थांबले. ते अंगणाकडे पाहत म्हणाले, "माझी आई ती जलमली त्याच साली गेली. आमी म्हन्लो, म्हातारीच आली परत. म्हून माय म्हन्त व्हतो. तवा तुमी काय येगळं न्हाई सांगितलं. माझी मायच व्हती ती."

मी म्हणाले, "मी वय ऐंशी लिहिलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच सरळ. "ऐंशी कुठनं काढलं ताई?"

 आबा उठले, गोठ्यात गेले, बैलाला पेंढी टाकली. बऱ्याच वेळानं परत आले. मला वाटलं आता ते मला जा म्हणतील. ते म्हणाले, "सुनेला सांगू नका. ती त्या एका शब्दावर जगून राहिली. चा घेता का?" चहा त्यांनीच केला. गूळ घातलेला होता. मी तो पिऊन शेवटच्या एसटीनं लातूरला आले. पुढच्या उन्हाळ्यात आबा गेल्याचं कळलं.

शीतल दहावीनंतर आमच्याच क्लासला आली. सुमनताई दर रविवारी गावाहून डबा घेऊन यायच्या. कार्यालयात इतर आया बसलेल्या असत. कधीतरी भूकंपाचा विषय निघायचा. प्रत्येकीकडे काहीतरी होतंच. सुमनताई म्हणायच्या, "मव्ही थोरली पयल्या झटक्यालाच गेली. तिला कळलं बी न्हाई. बाहेरच्या देशातला डॉक्टर बोल्ला. या मॅडम व्हत्या की तिथं, विचारा त्यांना." सगळ्या जणी माझ्याकडे वळायच्या. मी पावतीपुस्तकावरून मान वर करून म्हणायची, "हो. मी होते." दोन वर्षं, कितीतरी रविवार. प्रत्येक वेळी सुमनताईंचा चेहरा जरा सैल पडायचा आणि त्या डब्याचं झाकण उघडून मला काहीतरी काढून द्यायच्या. शेंगदाण्याची पोळी, कधी धपाटं. मी ते त्यांच्यासमोर खायची, कारण न खाणं बरं दिसलं नसतं.

मला कुणी विचारेल, सांगितलं असतं तर काय बदललं असतं. मी रोज विचार केला आहे आणि मला माहीत नाही. त्यांचं घर पहिलं घेतलं असतं तर ती वाचली असती का, हेही माहीत नाही. डॉक्टरांना पुढे एक पत्र लिहायला बसले होते. पहिल्या ओळीतच क्रियापद कुठे ठेवायचं ते आठवेना.

सुमनताई मागच्या वर्षी गेल्या. शीतल आता एका बँकेत आहे, सोलापूरला. तिला हे प्रकरण मी छापायला देण्याआधी पाठवलं आहे. टपालानं पाठवलं, पोचल्याची सही परत आली. त्याला तीन आठवडे झाले. तिचा फोन आलेला नाही.